कंदिलाचा पाढा

६ जानेवारी १९२०, कोल्हापूर

कंदील ताब्यात आला! शिक्षण खात्याच्या कचेरीत पावतीवर सही करताना इतकी घाई झाली की माझं नाव मलाच वाचता येईना. एक मॅजिक लँटर्न, त्याची भिंगं, काचेची चिमणी आणि रंगीत चित्रांच्या काचा, एकेका खणात मखमलीवर निजवलेल्या. सगळं विलायती. मागल्या पावसाळ्यात खात्यानं मला पुण्याला धाडून हा जादूचा कंदील चालवायला शिकवलं. आज घडीला संस्थानात तो चालवता येणारा प्राथमिक मास्तर एकच, आणि त्याचं नाव आकाराम चौगुले. चारचौघांत असं बोलता येत नाही, म्हणून इथं लिहून ठेवतो.

हुकूम असा आहे. सक्तीच्या शिक्षणामुळे पोरं शाळेत आली खरी, पण टिकत नाहीत. चित्रं दिसली तर टिकतील. म्हणून मी पेठ वडगावला जाऊन तिथल्या तीन शिक्षकांना कंदिलावर धडा घ्यायला शिकवायचं. महिनाअखेर डेप्युटीसाहेब परीक्षेला येणार. तिघंही पास झाले तर कंदील वडगावच्या शाळेला कायमचा, आणि मी संस्थानचा फिरता कंदील-शिक्षक. एक जरी नापास झाला तर कंदील परत कचेरीत आणि मी परत पन्हाळ्याच्या डोंगरातल्या माझ्या शाळेत, जिथं पावसाळ्यात छत्री उघडून पाढे घ्यावे लागतात.

छत्री मी कोल्हापुरातच ठेवून जाणार आहे.

७ जानेवारी, पेठ वडगाव

बैलगाडीत पेटी मांडीवर घेऊन आलो. खड्डा आला की मी वर उडायचो, पेटी नाही. मांड्या काळ्यानिळ्या झाल्यात.

हेडमास्तर हंबीरराव माने वेशीपर्यंत सामोरे आले होते. मिशा भरघोस, बोलणं मोजकं. "या पावणं," म्हणाले, "ह्योच काय त्यो तुमचा डबा?" मी डब्याचं वर्णन सुरू केलं तर म्हणाले, "आदी च्या घ्या. डबा कुटं पळून जात न्हाय." शाळेत पेटीपुढं नारळ फोडला, पेटीला कुंकू लावलं. कुंकू भिंगाला लागू नये म्हणून मी मधे हात घातला, तर ते मलाच लागलं.

उतरायची सोय हेडमास्तरांच्या चुलतबहिणीकडे, बायडाबाईंकडे. त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "लई वाळलाय की मास्तर. कोल्लापुरात जेवाय घालत न्हाईत व्हय?"

८ जानेवारी

वर्ग सुरू. सकाळची शाळा सुटली की पोरं घरी जातात, तेव्हा शिक्षकांचा तास. दुपारून पुन्हा शाळा भरते. खिडक्यांना घोंगडी टांगून खोली अंधारी केली. भिंतीवर हेडमास्तरांचं धुतलेलं धोतर.

शिष्य तीन. गौस मास्तर, तिसरी शिकवतात, बोलघेवडे. तानाबाई, मुलींचा वर्ग घेतात, फार बोलत नाहीत पण प्रश्न विचारतात, तेही नको तिथं. आणि पिराजी मास्तर, पेन्शनीला आलेले. चौथीला त्यांची छडी पुरते. तिघांनाही पहिल्याच दिवशी बजावलं, की हात मागं बांधा. कंदील माझ्या सहीवर आलाय. काच फुटली तर साहेब माझी मान धरतील, तुमची नाही.

मी कंदील पेटवला, हत्तीची काच सरकवली. धोतरावर हत्ती उभा राहिला. गौस मास्तर ओरडले, "या अल्ला!" तानाबाईंनी विचारलं, "मी एक काच घालून बघू?" मी म्हणालो, आधी नियम, मग हात. शिक्षणाची पायरी असते. पिराजी मास्तर मात्र जागचे हलले नाहीत. त्यांचे हात शेवटपर्यंत मागं होते. खरा विद्यार्थी.

१० जानेवारी

आज एक नामी युक्ती सुचली. कंदील चालवायचे बारा नियम मी पाढ्याच्या चालीत बसवले. एक, वात कातरा. दोन, चिमणी पुसा. तीन, काच कडेनं धरा. चार, उलटी घाला, चित्र सुलटं पडेल. असं करत करत बारावा नियम: मास्तरांना विचारल्याशिवाय हात लावू नका. तिघांकडून घोकून घेतलं. पिराजी मास्तरांचा आवाज असा खणखणीत, की बाहेर उभ्या बैलानं कान टवकारले. तासाच्या शेवटी ते न अडखळता बारापर्यंत गेले आणि बारावरून उलटे एकपर्यंत आले. त्यांच्या वयाला माझ्या नियमांनी किती सहज वळवलं!

हत्तीचं व्याख्यानही वाचून दाखवलं. "हत्ती हा सर्वांत मोठा भूचर प्राणी होय." तानाबाईंना जांभई आली. थंडीमुळे असेल.

१३ जानेवारी

पाढा गावभर झाला. गौस मास्तरांनी तो तिसरीला शिकवला, तिसरीनं घरी नेला. आज सकाळी पाणवठ्यावर दोन बायका घागरी घासताना म्हणत होत्या, "दोन, चिमनी पुसा." माझा ऊर भरून आला. विद्या पसरते ती अशी.

बायडाबाई फार मायाळू. दुपारी पिठलं, भाकरी, वर लोण्याचा गोळा, वर ताक. मी पुरे म्हणालो की त्या म्हणतात, "खावा की, डोकं चालवायचं काम हाय तुमचं." जेवण झालं की डोळे आपोआप मिटतात. कोट पुढच्या सोप्यातल्या खुंटीला टांगतो, त्याच्या आतल्या खिशात शाळेत ठेवलेल्या पेटीची किल्ली, आणि जो आडवा होतो तो दुपारची शाळा सुटायच्या सुमाराला उठतो. कोल्हापुरात मला कधी दुपारची झोप येत नसे. हवेचा गुण.

१५ जानेवारी

काल संक्रांत झाली. सगळ्यांनी तिळगूळ दिला, गौस मास्तरांच्या घरून खोबऱ्याच्या वड्या आल्या.

एक कोडं पडलंय. कंदिलातलं घासलेट कमी होतंय. मी तासाला जाळतो त्याच्या दुप्पट तरी उडालं असेल. टाकी गळते का बघितलं, गळत नाही. हेडमास्तरांना विचारलं. ते मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "आमच्या वडगावात थंडीनं घासलेट उडतंय, मास्तर. हितली हवाच तसली." मी हे पुण्याला ऐकलं नव्हतं. खात्याला कळवण्यासारखी गोष्ट आहे.

१७ जानेवारी

शेवटी आज त्यांना थोडा हात लावू दिला. मी शेजारी, जीव मुठीत धरून. गौस मास्तर पुढे झाले, वात कातरली, चिमणी फडक्यानं फिरवून पुसली, ज्योत लावली, पाणी प्यावं इतक्या सहज. मी तोंडात बोट घातलं. मग तानाबाई. काच कडेनं धरली, उलटी घातली, भिंग पुढंमागं करून हत्तीची शेपूट अशी स्वच्छ काढली की तिच्यातले केस मोजावेत.

याला म्हणतात नियमांची ताकद! पाठांतर पक्कं असलं की हात मागोमाग येतो. मी तसं त्यांना सांगितलं. गौस मास्तरांना एकाएकी खोकला आला, तो बराच वेळ थांबेना.

पिराजी मास्तरांची पाळी यायच्या आत दुपारची घंटा झाली. ते म्हणाले, "असू द्या, माजं पाठ हाय." त्यांची मला काळजीच नाही.

रात्री जेवताना बायडाबाईंनी विचारलं, "मास्तर, त्यो हत्ती सोंडंत पानी घेतोय, मग त्याला शिंक आली तर?" बहुतेक कोल्हापूरला दसऱ्याच्या मिरवणुकीत त्यांनी हत्ती पाहिला असेल. बाई चौकस आहेत.

१९ जानेवारी

कोट आज डावीकडच्या खुंटीला होता. मी उजवीकडच्या खुंटीला लावतो. शिवाय बाहीला घासलेटचा वास. म्हणजे थंडीनं उडालेलं घासलेट कपड्यांवर बसतं! हेही कळवीन.

रस्त्यात ताजबी नावाची एक चिमुरडी भेटली, मुलींच्या वर्गातली. तिनं विचारलं, "मास्तर, कंदिलात हत्ती उलटा घालत्यात, तवा त्याला चक्कर न्हाय येत?" न बघता नुसत्या पाढ्यावरून पोरीनं केवढी कल्पना केली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

२१ जानेवारी

आज घडलं ते घडलं तसं लिहितो.

काल बायडाबाईंनी मटण केलं होतं. पोट बिघडलं. आज दुपारी जेवलोच नाही, म्हणून झोपही आली नाही. पाणी प्यायला सोप्यात आलो तर कोट खुंटीला, पण खिशात किल्ली नाही. बायडाबाईही घरात नाहीत. चोर! अनवाणी शाळेकडे पळत सुटलो.

मुलींच्या वर्गाच्या खिडक्यांना घोंगडी होती. आतून हसणं ऐकू येत होतं. मी एक घोंगडं बोटभर सरकवलं.

माझा कंदील पेटला होता. तानाबाई त्याच्यामागं. गौस मास्तर तिसरीची सगळी पोरं घेऊन बसलेले. मागं भिंतीला टेकून हेडमास्तर. त्यांच्या शेजारी, पदर सावरत, बायडाबाई! पडद्यावर हत्ती होता, आणि तानाबाई माझ्या व्याख्यानातलं एक अक्षरही बोलत नव्हत्या. त्या विचारत होत्या, "ह्याला अंघोळ कोन घालतं गं?" कोणी म्हणालं माहूत, कोणी म्हणालं तो स्वतःच, नाकानं. मग ताजबी उठली, कंदिलाजवळ गेली आणि तानाबाईंनी माझी काच, माझी, तिच्या हातात दिली. पोरीनं ती कडेनं धरली, उलटी घातली. घालताना सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "तीन, काच कडेनं धरा. चार, उलटी घाला."

मी ओरडायला तोंड उघडलं होतं. ते तसंच उघडं राहिलं. काच सुखरूप बसली आणि धोतरावर आगबोट आली, पोरांनी आ वासला. मी घोंगडं सोडलं आणि परत आलो. संध्याकाळी किल्ली खिशात होती, कोट डाव्या खुंटीला.

मटणसुद्धा मला झोपवायला होतं. लोण्याचा गोळासुद्धा.

२२ जानेवारी

सकाळी उठून रिपोर्ट लिहिला. सरकारी सामानाचा बेकायदा वापर, किल्लीची चोरी, हेडमास्तरांची फूस. भाषा कडक उतरली. बायडाबाईंनी न्याहारी दिली ती मी नाकारली. त्या म्हणाल्या, "राग आलाय व्हय कशाचा? आला तर येऊ दे. भाकरीनं काय केलंय?" मी शेवटी भाकरी खाल्ली.

रिपोर्ट खिशात घालून शाळेत गेलो. ओट्यावर पिराजी मास्तर एकटेच बसले होते. एकाएकी लक्षात आलं, की काल खोलीत सगळे होते, हे नव्हते. जरा आडवळणानं विचारलं, दुपारी काय करता म्हणून.

"चौतीला बेरजा देतो," म्हणाले. मग खाली बघून, "काय काय जन काय काय करत्यात. म्या न्हाय जात. तुमीच सांगितलंसा न्हवं, इचारल्याबिगर हात लावायचा न्हाय. म्या न्हाय लावला."

"एकदाही नाही?"

"एकदाबी न्हाय." आणि छाती थोडी पुढे आली. शाबासकीची वाट बघत होते.

मला शाबासकी देता येईना. ज्यांनी माझं ऐकलं नाही ते शिकले, आणि ज्यानं शब्दन्‌शब्द ऐकलं तो एकटा कोरडा राहिला. महिनाअखेरीला साहेबांपुढं हा माणूस बारा नियम खणखणीत म्हणेल आणि काडी कशी लावायची ते त्याला माहीत नसेल. कंदील परत जाईल. मुली परत भिंतीकडे बघत बसतील. आणि त्याचं कारण तानाबाई नसतील, गौस मास्तर नसतील. मला फार वाईट वाटलं.

घरी येऊन रिपोर्ट फाडला. बोळा चुलीत टाकताना बायडाबाई म्हणाल्या, "बरं झालं, लाकडं वलीच हुती."

२३ जानेवारी

पिराजी मास्तरांना शाळा भरायच्या आधी, सकाळीच बोलावलं. दोघंच. काड्यांची पेटी त्यांच्या हातात दिली. ते मागं सरले.

"मी विचारायला सांगितलं होतं ना? विचारा."

"काय इचारू?"

"हात लावू का म्हणून विचारा."

त्यांनी काड्यांची पेटी दोनदा उलटसुलट केली. मग अगदी बारीक आवाजात, ज्यांच्या आवाजानं बैलाचे कान उभे राहतात ते पिराजी मास्तर म्हणाले, "लावू का?"

पहिली काडी मोडली. दुसरी विझली. तिसरीनं त्यांचं बोट भाजलं. वात पेटली तेव्हा चिमणी काळी झाली. माझे हात नुसते शिवशिवत होते, ते मी मांड्यांखाली घालून त्यावर बसलो. पिराजी मास्तरांनी चिमणी पुसून पुन्हा लावली.

दुपारी जेवलो, कोट टांगला आणि डोळे मिटून पडून राहिलो. बायडाबाई आल्या, खिशात हात घालून निघून गेल्या. मी एक डोळा उघडून बघितलं. किल्ली काढायला त्यांना त्रास पडू नये म्हणून उद्यापासून ती बाहेरच्या खिशात ठेवीन.

२५ जानेवारी

आगबोटीची काच फुटली.

पिराजी मास्तरांचा धडा समुद्रावर. समुद्र त्यांनी पाहिलेला नाही, मीही नाही. किनारा झाला, कोळी झाले, आणि आगबोट घालताना काच बोटांतून निसटली. फरशीवर काच पडली त्याचा आवाज फार लहान होता. पिराजी मास्तर तिथंच खाली बसले आणि तुकडे वेचू लागले. "माजं पेन्शन गेलं," म्हणाले. "आता काय तोंड दावू?"

खरं सांगायचं तर माझ्या मनात पहिल्यांदा पन्हाळ्याचा डोंगर आला, मग सही. मग त्यांच्या हाताकडं बघितलं. बोटाला रक्त आलं होतं. रुमाल बांधला. म्हणालो, "मास्तर, पुढची काच घाला. दीपगृह."

"आगबुटीबिगर?"

"आगबोट गेली समजा पुढं."

त्यांनी दीपगृह घातलं. सुलटं पडलं.

२८ जानेवारी

रोज सकाळी पिराजी मास्तर, दुपारी माझी खोटी झोप. तास भरतो तेव्हा सगळे आपापली सोंगं चोख वठवतात. तानाबाई मुद्दाम एखादी काच वाकडी घालतात आणि "आता कशी करू, मास्तर?" विचारतात. मी गंभीरपणे सांगतो. हेडमास्तर तर माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत.

बायडाबाई आज वाढता वाढता म्हणाल्या, "मास्तर, चार दिस झालं, दुपारचं घोरत न्हाईसा. झोप लागंना व्हय?" मी म्हणालो, लागते की, गाढ लागते. "मंग बरं," म्हणून त्यांनी आणखी एक भाकरी वाढली. साधी बाई. त्यांना काही कळलेलं नाही.

३० जानेवारी

परीक्षा झाली. सगळं क्रमानं लिहितो, नाहीतर आनंदात गोंधळ होईल.

डेप्युटीसाहेब घोड्यावरून आले. उंच, चष्मेवाले, हसणं माहीत नसलेले. खोलीत चौथीची पोरं आणि मुलींचा वर्ग. साहेब मला म्हणाले, "चौगुले, तुम्ही मागं बसा. जागचं हलायचं नाही आणि बोलायचं नाही." मी मागं बसलो.

गौस मास्तरांनी ऊस ते गूळ हा धडा घेतला. ऊस पिळायच्या चरकाचं चित्र आलं तेव्हा पोरांनी आपापल्या गुऱ्हाळांची नावं ओरडून सांगितली, साहेबांना हात वर करावा लागला. तानाबाईंनी नद्यांचा नकाशा लावला. ताजबीनं पंचगंगा बोटानं दाखवत दाखवत ती कुरुंदवाडापाशी कृष्णेत नेऊन सोडली. साहेब काहीतरी लिहीत होते.

मग पिराजी मास्तर उठले. डोक्याचा रुमाल नीट केला. पहिल्याच काडीत वात पेटवली. किनारा आला, सुलटा. कोळी आले. आणि तिसऱ्या काचेशी त्यांचा हात सवयीनं रिकाम्या खणात गेला.

पडद्यावर नुसता पांढरा उजेड. साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. मी उठणार होतो, हेडमास्तरांनी माझा कोट धरून खाली ओढला.

पिराजी मास्तर पोरांकडे वळले. त्यांचा तो आवाज निघाला. "हितं आगबूट हुती. माज्या हातनं फुटली. लई देकनी हुती." आणि मग त्यांनी आपले दोन्ही हात कंदिलापुढं धरले, तळव्याला तळवा, एक अंगठा उभा. पडद्यावर एक काळी बोट आली, धुराड्यासकट. जरा थरथरत होती, म्हणून पाण्यावर आहे असंच वाटत होतं.

"अशी हुती," म्हणाले. "पर आता हिला कोळसा न्हाय. वारं सोडा रं पोरांनो!"

साऱ्या खोलीनं गाल फुगवून फुंकर मारली. बोट हलली, डुलत डुलत पडद्याच्या कडेपर्यंत गेली आणि पलीकडं नाहीशी झाली. पोरांनी टाळ्या पिटल्या. मुली पुन्हा म्हणाल्या, पुन्हा. डेप्युटीसाहेबांनीही गाल फुगवले होते असं गौस मास्तर शपथेवर सांगतात. मी बघितलं नाही, माझे डोळे भरून आले होते.

धडा संपल्यावर साहेबांनी पेटी तपासली. रिकाम्या खणावर बोट ठेवलं.

"चौगुले, ही कशी फुटली?"

"शिकताना फुटली, साहेब."

पिराजी मास्तर पुढं यायला लागले. साहेबांनी विचारलं, "कोण शिकत होतं?"

"मी," म्हणालो.

साहेबांनी थोडा वेळ माझ्याकडं बघितलं, मग पिराजी मास्तरांच्या बांधलेल्या बोटाकडं. कागदावर सही केली. तिघंही पास. कंदील वडगावचा. मला पुढच्या महिन्यात शिरोळला जायचं आहे, नवा कंदील घेऊन. घोड्यावर बसताना साहेब म्हणाले, "तिथं किल्ली कुठं ठेवाल?" मी उत्तर द्यायच्या आत घोडा निघाला. त्यांना कोणी सांगितलं कोण जाणे. हेडमास्तर मिशीवरून हात फिरवत होते.

३१ जानेवारी

उद्या सकाळी निघायचं. मला निरोप म्हणून आज दिवेलागणीला शाळेच्या पटांगणात खेळ ठेवला. बाजाराला आलेली माणसंही थांबली. मागं गाड्या सोडलेल्या, पुढं पोरं, मधे बायका. बायडाबाई पहिल्या रांगेत, आता लपायचं कारण नव्हतं.

कंदील पिराजी मास्तरांच्या हातात होता. मी सवयीनं पुढं गेलो, वात जरा मोठी वाटली म्हणून वाकलो, धोतराची सुरकुती ओढायला गेलो, भिंग ठीक आहे का बघायला पुन्हा आलो. तेवढ्यात तो बैलाचे कान उभे करणारा आवाज साऱ्या पटांगणावर घुमला.

"मास्तर, खाली बसा की! पोरास्नी दिसंना!"

लोक हसले. मी जागा शोधू लागलो. ताजबीनं सरकून थोडी जागा केली, मी तिथं मांडी घालून बसलो.